बंद कारखान्याशेजारची विहीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला. वर सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, केमिकलचा एक कारखाना बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडला. शेड तेवढी उभी आहे. आमच्या परसातली विहीर जांभ्यात खोदलेली, चिऱ्यांनी बांधलेली. गेले दोन पावसाळे पाण्याला गोडसर, डोकं जड करणारा वास येतो. शहरातल्या लॅबमध्ये पाणी दिलं तर रिपोर्टात सगळं ‘मर्यादेत’ आलं. घरचे म्हणतात, विहीर सोडा, बोअर मारू. गाडीवाला तीनशे फुटांचा भाव सांगून गेलाय. मारू का?
– एक गृहिणी

उत्तर : बोअर मारू नका. बाकीचं निवांत वाचा, पण गाडीवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा.

कारण सांगते. लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, पाताळगंगा या आपल्या पट्ट्यात कुठल्याही ऑपरेटरच्या तोंडी दोन नावं सापडतील : एमडीसी आणि ईडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड आणि इथिलीन डायक्लोराइड. इंजिनिअरिंगच्या कारखान्यात सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरत, त्याला टीसीई म्हणतात. ही सगळी क्लोरीनवाली सॉल्व्हंटं, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारी द्रवं, पाण्याहून जड असतात. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, तर लिटरभर ईडीसीचं सव्वा किलो आणि टीसीईचं जवळजवळ दीड किलो. टोल्यूइन किंवा पेट्रोल जमिनीत मुरलं तर भूजलावर तरंगतं. ही मात्र पाण्यातून खाली उतरत जातात आणि अडवणारा थर लागेल तिथे साचतात.

तुमच्या सड्याखाली हा थर कोणता, ते विहिरी खोदणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. वर जांभा, भोकाभोकांचा, पाऊस पडला की तासाभरात पाणी खाली सोडणारा. त्याखाली बहुतेक ठिकाणी शेडी लागते, पांढरट-पिवळट, चिकट माती. तिच्याखाली काळवत्री, म्हणजे काळा कठीण खडक. जांभ्यातून उतरलेलं पाणी शेडीवरून वाहत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. तुमच्या विहिरीलाही तेच पाणी येत असणार. म्हणजे सॉल्व्हंट आज शेडीच्या डोक्यावर अडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

तीनशे फुटांची बोअर ही शेडी फोडून काळवत्रीच्या भेगांत जाते. आपल्याकडे केसिंग पाइप कठीण खडक लागेपर्यंतच घालतात, त्याखालचं भोक उघडं असतं. केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटनं भरण्याची तसदी तर जवळजवळ कोणीच घेत नाही. त्या फटीतून वरचं सगळं सरळ खाली उतरतं, आणि पंप सुरू केला की आणखी ओढलं जातं. आज तुमची एक विहीर बिघडलेली आहे. बोअर मारलीत तर खडकातलं पाणी बिघडेल, आणि त्या भेगा कुणाच्या जमिनीखालून कुठे जातात हे कुणी सांगू शकणार नाही. नोकरीतली बरीच वर्षं मी विहिरींच्या पातळ्या मोजण्यात घालवली. रसायनाच्या वसाहतींभोवती पाहिलेल्या बिघाडांत मला सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार हाच आहे, कारण तो टाळता येतो आणि लोक तो चांगल्या हेतूनं, कर्ज काढून करतात.

आता तुमचा रिपोर्ट. त्यात पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराइड आणि कोलिफॉर्म जंतू एवढंच असणार. सॉल्व्हंट यातल्या कशातही दिसत नाही. टीडीएस मीटरवर झऱ्याचं पाणी आणि ईडीसी मिसळलेलं पाणी सारखंच येतं. लॅबला स्पष्ट सांगा की व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं, तपासायचे आहेत, जीसी-एमएस यंत्रावर. आधी फोन करून ते यंत्र आहे का हे विचारा, कारण सगळीकडे नसतं.

नमुना कसा घ्यायचा हे सविस्तर लिहिते, कारण निम्मे रिपोर्ट इथेच वाया जातात. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून एसटीनं पाठवलेल्या पाण्यातलं सॉल्व्हंट वाटेतच उडून जातं. लॅबकडून चाळीस मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या मागून घ्या, टोपणात टेफ्लॉनची चकती असलेल्या. बाटलीत आधीच आम्लाचे थेंब घातलेले असतील तर ती विसळू नका. रहाटानं ओढलेल्या बादलीतून नमुना भरू नका. बादली वर येईपर्यंत पाणी डचमळतं, आणि विहिरीच्या वरच्या थरातलं सॉल्व्हंट तसंही हवेत गेलेलं असतं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असताना, उतरता येत असेल आणि सोबत माणूस असेल तरच, झरा आत येतो त्या तोंडाशी नमुना घ्यावा. विहिरीत वास कोंडलेला असेल तर अजिबात उतरू नका. वजन बांधलेली काचेची बाटली दोरीनं तळापर्यंत सोडा. मग तपकिरी बाटली तिरकी धरून पाणी आतल्या भिंतीवरून हळूच सोडायचं, काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत. तसाच फुगवटा ठेवून टोपण घट्ट लावायचं, बाटली उलटी करायची, तळहातावर हलकेच आपटायची आणि उजेडात धरून पाहायचं. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाजूला ठेवून दुसरी भरायची. प्रत्येक विहिरीच्या दोन-तीन बाटल्या, बर्फाच्या डब्यात, आठवड्याच्या आत लॅबमध्ये. सोबत लॅबनंच भरून दिलेली शुद्ध पाण्याची एक बंद बाटली तशीच नेऊन आणा. तिच्यात काही सापडलं तर वाटेत गडबड झाली असं समजेल.

रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद. उकळून घेऊ नका. उकळल्यावर सॉल्व्हंट स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या फुप्फुसात जातं. आंघोळीच्या कढत पाण्याचंही तेच. आरओ मशिनवर विसंबू नका : त्यातला कोळशाचा फिल्टर थोडं धरतो, पण तो कधी भरला हे बाहेरून कळत नाही. ज्या शेजाऱ्यांना वास येत नाही त्यांनीही पाणी तपासावं, कारण नाकाला जाणवेपर्यंत प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट झालेलं असतं.

प्रश्न : मॅडम, मी वसाहतीतल्या एका प्लांटवर ऑपरेटर होतो. कारखाना आता बंद आहे. सॉल्व्हंट रिकव्हरीच्या स्टिलमधला (वापरलेलं सॉल्व्हंट उकळून परत मिळवायच्या भांड्यातला) तळाचा गाळ, म्हणजे रेसिड्यू, ड्रममध्ये भरून ठेवायचे. ड्रम गंजले की मागच्या कुंपणालगतच्या खड्ड्यात जायचं. आता गावातली पोरं म्हणतात, चार पंप लावून विहिरी उपसून काढू, एक-दोन पावसाळ्यांत धुऊन निघेल. निघेल का?
– एक निवृत्त कामगार

उत्तर : भाऊ, नाही निघणार.

आधी एक हिशेब करू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ईडीसीची कमाल मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम आहे. टीसीई आणि एमडीसीचीही तीच. एक लिटर ईडीसी म्हणजे १,२५० ग्रॅम. एवढं २५ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे पंचवीस हजार टँकर, एका लिटरसाठी. तुमच्या खड्ड्यात गेलेला ड्रम दोनशे लिटरचा असणार. रेसिड्यूत सगळं सॉल्व्हंट नसतं, निम्मं किंवा त्याहून कमी धरा, तरी आकडा कुठे जातो ते तुम्हीच पाहा.

आणि हे सॉल्व्हंट पाण्यात एकदम विरघळत नाही. शेडीच्या खोलगट जागी ते साचून राहतं, वरून जाणाऱ्या पाण्यात थोडं थोडं सुटतं. बाकीचं शेडीत मुरतं. मातीच्या मडक्यात एकदा रॉकेल ठेवलं की पुढे कितीही पाणी बदला, प्रत्येक पाण्याला वास येतो, तसंच. तुम्ही उपसलंत की पहिले काही महिने आकडे झपाट्यानं उतरतील आणि सगळे खूश होतील. मग ते एका जागी अडून बसतील. पंप बंद केलेत की मुरलेलं पुन्हा बाहेर येईल आणि आकडा परत चढेल. अमेरिकेत १९८० साली जुन्या विषारी जागा स्वच्छ करण्याचा सुपरफंड कायदा झाला, तेव्हा त्यांचाही भर उपसून, शुद्ध करून सोडण्यावर होता. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं असा उपसा चालू असलेली ७७ ठिकाणं तपासली. उद्दिष्ट गाठलेली ठिकाणं निघाली ८.

याचा अर्थ उपसा निरुपयोगी असा घेऊ नका. नेमक्या जागी घेतलेल्या थोड्या विहिरींतून सतत, मोजून उपसा केला तर दूषित पाणी गावाकडे सरकायचं थांबवता येतं. ते पाणी उंच टाकीत वरून खाली सोडतात, खालून हवेचा झोत मारतात, सॉल्व्हंट हवेत येतं आणि ती हवा कोळशातून गाळतात. हे काम वर्षानुवर्षं चालतं, वीज खातं आणि कोणी तरी रोज बघावं लागतं. पोरांनी चार पंप लावून पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं तर ते खालच्या वाडीच्या विहिरींत आणि शेवटी खाडीत जाईल. कृपा करून त्यांना थांबवा.

पाऊस काय करतो तेही सांगते. जूनमध्ये जांभ्यातली पातळी भराभर वर येते आणि कोरड्या मातीत अडकलेलं सॉल्व्हंट पाण्यात घेते, म्हणून पहिल्या पावसानंतर वास वाढलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. ऑगस्टमध्ये इतकं पाणी वाहत असतं की प्रमाण पातळ होतं. म्हणून ऑगस्टमधल्या एकट्या रिपोर्टावर ‘विहीर स्वच्छ’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. मेअखेर, जूनअखेर आणि ऑक्टोबर, असे तीन नमुने तरी हवेत.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ : ‘मागच्या कुंपणालगतच्या खड्ड्यात’. जमिनीखालचं सॉल्व्हंट शोधायला तज्ज्ञ मंडळी ठिकठिकाणी छोटी भोकं घेतात, मातीतली हवा तपासतात, लाखो रुपये खर्च होतात आणि तरीही मूळ जागा दहा पावलांवरून निसटते. तुम्हाला ती जागा ठाऊक आहे. शेडच्या कुठल्या कोपऱ्यापासून किती पावलं, खड्डा किती खोल होता, तळाशी जांभा दिसायचा की शेडी, ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करण्याची) टाकी कुठे गळायची, सांडपाण्याचा पाइप कुठे फुटला होता, टँकर कुठे उभा करून रिकामा करायचे, हे कागदावर काढा. तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसांना बसवा, मेंटेनन्सचा फिटर आणि रात्रपाळीचा वॉचमनसुद्धा. नकाशावर तारीख घाला, सह्या करा. ही माणसं वयस्क होत चालली आहेत, आणि कारखान्याची कागदपत्रं बऱ्याचदा शेडबरोबरच भंगारात जातात. तुमच्यावर ठपका येईल या भीतीनं गप्प राहू नका. खड्ड्यात ओतायचा निर्णय तुमचा नव्हता. खड्ड्यातली आणि त्याखालची माती उकरून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात नेता आली, तर पुढचं निम्मं काम तिथेच होतं, आणि त्यासाठी खड्डा सापडायला हवा.

प्रश्न : सॉल्व्हंट खाणारे जीवाणू असतात असं कॉलेजात ऐकलं. आपल्याकडे जमेल का? लोखंडाच्या भिंतीबद्दलही सांगा.
– विद्यार्थी, रायगड जिल्हा

उत्तर : असतात, आणि ते खरोखर थक्क करणारे आहेत. डीहॅलोकॉकॉइड्स नावाचा जीवाणू अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये वेगळा करून दाखवला. टीसीईच्या रेणूवरचे क्लोरीन तो एकेक करून काढतो. शेवटी उरतं इथिलीन, फळं पिकताना सुटतं तेच. त्याला ऑक्सिजन चालत नाही आणि हायड्रोजन लागतो, म्हणून जमिनीत मळी, वनस्पती तेल किंवा लॅक्टेट सोडतात. दुसरे जीवाणू ते आंबवतात, ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन पुरवतात. मळीचा आपल्या राज्यात तुटवडा नाही.

पण इथे एक धोका आहे. वाटेत विनाइल क्लोराइड तयार होतं, आणि ते टीसीईहूनही घातक, कर्करोगकारक. योग्य जीवाणू नसले किंवा खाद्य अर्ध्यावर संपलं तर गाडी तिथेच अडते. टीसीई गेलं म्हणून रिपोर्ट आनंदानं दाखवायचा आणि पाणी आधीपेक्षा विषारी, असं होऊ शकतं. त्यामुळे ‘हे सेंद्रिय औषध विहिरीत टाका’ म्हणत कोणी पिशवी घेऊन आला तर त्याला वाटेला लावा. दर तिमाहीला इथिलीन आणि विनाइल क्लोराइड दोन्ही मोजणार असाल तरच हा मार्ग. जांभ्यात आणखी एक अडचण आहे : पावसाळ्यात पाणी इतक्या वेगानं आणि इतका ऑक्सिजन घेऊन येतं की जूनच्या तोंडावर सोडलेली मळी वाहून जाईल. माझ्या मते आपल्याकडे हे काम ऑक्टोबर ते मे याच काळात बसवावं लागेल.

लोखंडाची भिंत कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या रॉबर्ट गिलहॅम यांनी पुढे आणली. वाहत्या भूजलाच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरायचा. पाणी आरपार जातं, लोखंड गंजतं आणि गंजताना टीसीईमधलं क्लोरीन सोडवतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे अशी पहिली व्यावसायिक भिंत झाली. पंप नाही, वीज नाही, हे मला फार आवडतं. मात्र ईडीसी आणि एमडीसीवर लोखंडाचा जवळजवळ परिणाम होत नाही, म्हणून आधी जमिनीत नेमकं काय आहे ते कळायला हवं. आणि काळवत्रीच्या भेगांत भिंत घालता येत नाही. सड्याच्या कडेला, शेडी वीस-पंचवीस फुटांवर लागते अशा जागी मात्र चर शेडीपर्यंत नेता येईल. तुम्ही भूशास्त्राचे असाल तर प्रकल्पासाठी हाच विषय घ्या.

प्रश्न : अशाच बिघडलेल्या विहिरीचं पाणी कलमांना घालतो. आंब्यात उतरेल का?
– एक बागायतदार

उत्तर : टीसीईसारखी सॉल्व्हंटं मुळांतून झाडात चढतात हे पक्कं. खोडाचा पेन्सिलीएवढा गाभा काढून तो तपासून जमिनीखालचं प्रदूषण कुठवर पसरलंय याचा नकाशा करण्याची पद्धतच आहे. पण चढलेलं बरंचसं खोडा-पानांतून हवेत जातं. मोठ्या कलमांना पाणी मोजकंच लागतं, तेव्हा ते दुसऱ्या विहिरीचं घाला आणि फळ एकदा तपासून घ्या. मला जास्त काळजी पंपाच्या खोपीत बसणाऱ्या माणसाची आहे. पाण्यातून सुटलेली वाफ तिथे कोंडते. खोप उघडी ठेवा.

प्रश्न : बंद कारखान्याचा मालक सापडत नाही. सफाईचा खर्च कोण करणार? ग्रामपंचायतीनं काय करावं?
– एक सरपंच

उत्तर : प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई आणि सफाईचा खर्च द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात ठामपणे मांडलं. तिथे रंगासाठी लागणारं एच-ॲसिड बनवणारे कारखाने बंद पडले, पण विहिरींचं पाणी बिघडलेलंच राहिलं. निकाल लागल्यावरही लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, हेही लक्षात ठेवा.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यानुसार जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि गरज असेल तर त्यानंतर सविस्तर सर्वेक्षण. जबाबदार माणूस सापडला तर खर्च त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्यानं मिळून करायचा. म्हणजे तुमची जागा आधी त्या यादीत जायला हवी. ग्रामसभेचा ठराव करा, त्याला व्हीओसीचे रिपोर्ट आणि वरच्या पत्रातल्यासारखा कामगारांचा नकाशा जोडा, जिल्हाधिकारी आणि मंडळाचं प्रादेशिक कार्यालय दोघांनाही द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात मंडळानं त्या प्लॉटला दिलेली जुनी संमतीपत्रं आणि धोकादायक कचऱ्याचे वार्षिक तपशील मागा. कोणतं सॉल्व्हंट किती येत होतं ते त्यात सापडतं. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचं तर मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा पुण्याच्या खंडपीठाकडे वेळेत जा. आणि ठरावात एक कलम जरूर घाला : त्या जागेभोवती नवीन बोअरला ना-हरकत द्यायची नाही. एवढं तुम्ही या महिन्याच्या ग्रामसभेतही करू शकता, त्यासाठी कुणाच्या निधीची वाट पाहायला नको.

प्रश्न : बंद कारखान्याची जागा प्लॉट पाडून स्वस्तात विकतायत. गावी घर बांधायचं आहे. नळाचं पाणी मिळणार असेल तर घ्यायला हरकत काय?
– मुंबईहून एक चाकरमानी

उत्तर : नळाचं पाणी आलं तरी सॉल्व्हंटची वाफ जमिनीतून वर येते. जोत्याच्या भेगांतून, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीच्या फटीतून ती खोलीत शिरते आणि दारं-खिडक्या बंद असल्या की साठते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीतल्या जुन्या चिप कारखान्यांच्या जागी इमारतींतली हवा याच कारणानं तपासावी लागते. विकणाऱ्याकडे मातीतल्या हवेचा आणि भूजलाचा व्हीओसी रिपोर्ट मागा, तोही जोतं जिथे येणार त्या जागेचा. रिपोर्ट नसेल तर टोकन देऊ नका. प्लॉट आधीच घेतला असेल तर जोत्याखाली खडीचा थर, त्यात भोकांचा पाइप आणि त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड पडदा घालून पाइप छपराच्या वर काढता येतो, छोटा पंखा बसवून. हे जोतं भरण्याआधी करायचं असतं, तेव्हा गवंड्याला कामाला लावण्याआधी मला लेआउट पाठवा.